हसऱ्या पांथस्थाविषयीचे मतभेद

‘अभिज्ञानशाकुन्तला’च्या दुसऱ्या अंकाच्या आरंभी विदूषक माधव्य रंगभूमीवर येतो तो सुस्कारे टाकीतच. राजाला मृगयेचे वेड. त्या वेडापायी भर उन्हाळ्यात, विरळ सावलीच्या रानांतून भटकावे लागते, झाडाच्या पाल्याने कडवट झालेले ओढ्याचे पाणी प्यावे लागते, वेळी-अवेळी भाजलेल्या मांसावर भूक भागवावी लागते. घोड्यावर बसून सांधे आखडलेले असल्याने रात्री झोप नाही आणि जरा डोळा लागतो न लागतो तोच पहाटे पारध्यांचा कालवा सुरू होतो. अशी ती तक्रार आहे. एकाच अरण्यात दोन पुरुष फिरत आहेत. एकाला ते अरण्य पराक्रमाचे क्षेत्र वाटते, दुसऱ्याला ती केवळ पायपीट वाटते. प्रेक्षक राजाबरोबर रानात शिरतो खरा, पण हसतो तो माधव्याबरोबर.

संस्कृत नाटकात ह्या दोघांची कामे वाटून दिलेली होती. कथा राजाची आणि कुरकुर विदूषकाची, ही व्यवस्था निर्वेध चालली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य वाङ्मयात मात्र एक वेगळा प्रकार रूढ झाला. प्रवासाला निघालेला विदूषकच लेखणी घेऊन बसला आणि आपली फजिती, आपला आळस, आपले पायाचे फोड हाच त्याने ग्रंथाचा विषय केला. मार्क ट्वेन, जेरोम के. जेरोम, एरिक न्यूबी, बिल ब्रायसन ही ह्या परंपरेतील ठळक नावे होत. ह्या लेखकांना अफाट वाचकवर्ग लाभला. तथापि त्यांच्या प्रत्येक पुस्तकाविषयी वाचकांत तट पडले, आणि ते अद्याप बुजलेले नाहीत. ज्या पुस्तकाने एक वाचक पोट धरून हसतो, तेच पुस्तक दुसरा वाचक संतापाने मिटून ठेवतो. ‘विनोद ही ज्याच्या त्याच्या रुचीची बाब’ असे म्हणून हा मतभेद बहुधा निकालात काढला जातो. वस्तुतः ह्या मतभेदाला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो पाहिला असता त्यामागे तीन निरनिराळे प्रश्न उभे असल्याचे दिसते. अशा ठिकाणी हसणे शोभते काय, हा पहिला. हसविणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा काय, हा दुसरा. आणि तो हसतो ते कोणाला, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांची धार काळाने बोथट केली आहे. तिसऱ्याची मात्र वाढतच गेली आहे.

१

औचित्याचा प्रश्न प्रथम पुढे आला तो ‘द इनोसन्ट्स अब्रॉड’ ह्या पुस्तकाच्या निमित्ताने. १८६७ मध्ये ‘क्वेकर सिटी’ नावाची आगबोट अमेरिकन प्रवाशांना घेऊन युरोप व पॅलेस्टाइन यांच्या यात्रेस निघाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘अल्टा कॅलिफोर्निया’ ह्या वृत्तपत्राचा वार्ताहर म्हणून मार्क ट्वेन तिच्यावर होता. त्या वेळी धाडलेल्या पत्रांवरून त्याने हे पुस्तक सिद्ध केले आणि ते १८६९ मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंत पवित्र भूमीच्या प्रवासवर्णनांची एक ठरीव चाकोरी होती. लेखकाने प्रत्येक स्थळी सद्गदित व्हावे, बायबलातील वचने आठवावीत आणि वाचकाने घरबसल्या पुण्य जोडावे, अशी ही चाकोरी. ट्वेनने त्याच चाकोरीतून चालत जाऊन जेरुसलेमात आदमच्या कबरीपाशी आपल्या ह्या दूरच्या नातलगासाठी अश्रू ढाळले. यांतला उपहास आदमवर नव्हता. ठिकठिकाणी मागणीबरहुकूम रडणाऱ्या पूर्वसूरींवर होता. पण एवढा विवेक करण्यास सर्वच वाचक राजी नव्हते. हार्टफर्डच्या ज्या प्रकाशनसंस्थेने पुस्तक स्वीकारले, तिच्या संचालकांपैकी काहींनाच ते अश्रद्ध वाटले आणि प्रकाशन रेंगाळले. पुढे ते बाहेर पडले तेव्हा घरोघर फिरून वर्गणीदार मिळविणाऱ्या विक्रेत्यांनी ते खेड्यापाड्यांत पोचविले, आणि पहिल्या वर्षातच त्याच्या सुमारे सत्तर हजार प्रती खपल्या. ज्या घरांत तोवर बायबलखेरीज फारसे ग्रंथ नव्हते, अशा घरांतही ते गेले. अशा वाचकांपुढे तीर्थयात्रेची थट्टा मांडणे हे धाडसच होते.

ह्या पुस्तकाच्या स्वागतातील एक प्रकरण विनोदाच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. लंडनच्या ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ने ‘इनोसन्ट्स’वर गंभीर परीक्षण लिहिल्याची वार्ता ट्वेनच्या कानी आली. मूळ परीक्षण हाती येण्यापूर्वीच त्याने डिसेंबर १८७० च्या ‘गॅलक्सी’ मासिकात एक लेख छापला. त्यात पुस्तकातील प्रत्येक थट्टा शब्दशः खरी मानून लेखकाच्या अज्ञानावर व खोटेपणावर कडक ताशेरे ओढणारा एक इंग्रज टीकाकार बोलत होता. हे परीक्षण म्हणजे ट्वेनचीच करणी होती. पण अनेक वाचकांनी ते अस्सल मानले. इंग्रज समीक्षकाला अमेरिकन विनोद कळत नाही म्हणून हसावयास निघालेले वाचक स्वतःच फसले, आणि ट्वेनला पुढे खुलासा करावा लागला. ही गंमत एवढ्यावरच संपत नाही. विनोदी प्रवासवर्णनाचा वाचक सतत एका निसरड्या कड्यावर उभा असतो, आणि लेखक कोणत्या वाक्यात हसतो आहे व कोणत्या वाक्यात साक्ष देतो आहे हे ठरविण्याची जबाबदारी त्याच्यावरच पडते, ही गोष्ट त्या प्रकरणाने प्रथम उघड केली.

पर्वतांच्या बाबतीतही हाच वाद, थोड्या निराळ्या वेषात, उपस्थित झाला. १८५७ मध्ये लंडनला आल्पाइन क्लबची स्थापना झाली. आल्प्सची शिखरे चढणारे आरंभीचे लोक आपल्या छंदाला शास्त्रीय निरीक्षणाची प्रतिष्ठा देऊ पाहत. वायुभारमापक व तापमापक पाठीवर घेतल्याशिवाय चढण्यास समर्थन नाही, अशी जणू समजूत होती. समीक्षक व गिर्यारोहक लेस्ली स्टीफन याने आपल्या एका चढाईच्या वृत्तान्तात ह्या वैज्ञानिक अवडंबरावर जाता जाता कोटी केली. पदार्थविज्ञानवेत्ता जॉन टिंडल याला ती इतकी झोंबली की त्याने क्लबशी संबंध तोडला. टिंडल थोर शास्त्रज्ञ होता आणि धाडसी गिर्यारोहकही. त्याला विनोदाचे वावडे होते असे मानण्याचे कारण नाही. पण ज्या शिखरावर मनुष्य जीव धोक्यात घालून जातो, तेथे जाण्याचे प्रयोजन थट्टेवारी न्यावे, हे त्याला असह्य झाले. पायथ्याशी बसून हसणाऱ्यांविषयीचा हा राग नव्हता. स्वतः शिखरावर पोचलेल्या माणसाच्या हसण्याविषयीचा तो होता.

ट्वेनने १८८० च्या ‘अ ट्रॅम्प अब्रॉड’मध्ये हा धागा टोकाला नेला. पुस्तकाचा संकल्प पायी युरोप हिंडण्याचा, आणि त्यातला मुख्य विनोद हा की पायी निघालेला हा गृहस्थ संधी मिळेल तेथे आगगाडीत, घोडागाडीत वा तराफ्यावर चढून बसतो. एडवर्ड व्हिंपर ह्याचा मॅटरहॉर्नचा वृत्तान्त १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. १८६५ च्या त्या पहिल्या आरोहणात उतरताना चार जण दरीत कोसळून मेले होते. ट्वेनने एकीकडे व्हिंपरचा तो वृत्तान्त गांभीर्याने वाचकांपुढे ठेवला, आणि दुसरीकडे स्वतः एका साध्यासुध्या वाटेवर शेकडो माणसांचा तांडा घेऊन केलेल्या ‘मोहिमे’चे भव्य विडंबन केले. माँ ब्लाँ तर तो दुर्बिणीतूनच चढला. गिर्यारोहणाविषयी आदर आणि गिर्यारोहकांच्या भाषेविषयी अनादर एकाच ग्रंथात सुखाने नांदू शकतात, हे यांतून सिद्ध झाले. औचित्याचा प्रश्न येथून मवाळ होत गेला. डब्ल्यू. ई. बोमन याचे ‘द असेंट ऑफ रम डूडल’ हे मोहिमग्रंथांचे विडंबन १९५६ मध्ये, म्हणजे एव्हरेस्ट चढले गेल्यानंतर तीनच वर्षांनी, निघाले. सामान्य वाचकांनी प्रथम त्याची फारशी दखल घेतली नाही. त्याला जगविले ते प्रत्यक्ष पहाड चढणाऱ्यांनी. अंटार्क्टिकातील एका शिखराला ‘रमडूडल’ हे नाव मिळाले, यापरते गिर्यारोहकांनी दिलेले दुसरे प्रशस्तिपत्र कोणते? टिंडलचे वारस आपल्यावरील थट्टा शिदोरीसारखी बरोबर बाळगू लागले होते.

२

औचित्याच्या प्रश्नाला इंग्लंडमध्ये एक सामाजिक अंगही होते, आणि ते जेरोमच्या ‘थ्री मेन इन अ बोट’च्या निमित्ताने उघड झाले. १८८९ मध्ये ब्रिस्टलच्या ॲरोस्मिथ ह्या प्रकाशकाने काढलेले हे पुस्तक मुळात टेम्स नदीचे इतिहासासह वर्णन करणारे मार्गदर्शक म्हणून योजिलेले होते. लिहिता लिहिता विनोदच वरचढ झाला, आणि ‘होम चाइम्स’ मासिकात ते क्रमशः येत असताना संपादकाने इतिहासाचा बराच भाग गाळून टाकला. तीन तरुण कारकुनी पेशातले. त्यांची भाषा रस्त्यावरची. त्यांचे पराक्रम म्हणजे तंबू उभारता न येणे आणि डबा उघडण्याचे हत्यार घरी विसरणे. लंडनच्या उच्चभ्रू समीक्षकांनी ह्या भाषेला ग्राम्य ठरविले. ‘पंच’ साप्ताहिकाने लेखकाचे नावच बदलून, हकार गाळणाऱ्या कनिष्ठ वर्गाच्या उच्चारात त्याला चिडविले.

ह्या टीकेमागे वाचकवर्गाच्या स्थित्यंतराची बोच होती. १८७० च्या शिक्षणविषयक कायद्याने इंग्लंडात प्राथमिक शिक्षणाचा पाया रुंदावला आणि १८७१ च्या कायद्याने बँकांच्या सुट्ट्या ठरवून दिल्या. आगगाडीने टेम्सच्या काठी जाऊन भाड्याची होडी घेणारा कारकून हा नवा प्रवासी होता. प्रवासग्रंथ हा तोवर श्रीमंतांच्या दीर्घ पर्यटनाचा किंवा संशोधकाच्या धाडसाचा वृत्तान्त असे. पंधरवड्याच्या रजेवरील माणसाच्या हौसेलाही वाङ्मयात जागा आहे, हे जेरोमने गृहीत धरले, आणि लक्षावधी वाचकांनी त्याला दुजोरा दिला. आज ह्या पुस्तकाविषयी मतभेद आहे तो वेगळ्या मुद्द्यावर. त्यात मधूनमधून येणारे नदीकाठच्या निसर्गाचे भावविवश परिच्छेद आणि गोरिंगजवळ पाण्यात वाहत आलेल्या एका अभागिनीच्या मृतदेहाचा करुण प्रसंग काही वाचकांना रसभंग वाटतात, तर काहींना त्यांतच पुस्तकाचा प्राण जाणवतो. कारकुनाच्या भाषेवरील आक्षेप मात्र इतिहासजमा झाला. कोणत्या वर्गाने प्रवास करावा व कोणत्या वर्गाने तो लिहावा, हा वाद वाचकांनी आपल्या पुरता मिटविला.

३

दुसरा प्रश्न विश्वासाचा. जेरोमने आपल्या प्रस्तावनेत पुस्तकाचा मोठा गुण म्हणजे त्याची सत्यता, असे मोठ्या साळसूदपणे सांगितले आहे. होडीतील त्याचे दोघे मित्र खरोखरीचे होते. माँटमोरेन्सी नावाचा कुत्रा मात्र कल्पनेतला होता. एका कुत्र्याच्या अस्तित्वावरून कोणी भांडले नाही. पण पायी भ्रमणाच्या ग्रंथांत हा प्रश्न अधिक कठोर होतो. कारण चालणे ही मोजता येणारी गोष्ट आहे. किती मैल, किती दिवस आणि शेवटपर्यंत की अर्ध्यापर्यंत, हे वाचक विचारतोच.

अमेरिकेतील अॅपलाचियन पायवाट ही ह्या दृष्टीने कसोटीच ठरली. बेंटन मकाय याने १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती पूर्ण जोडली गेली. जॉर्जियातील स्प्रिंगर पर्वतापासून मेनमधील कटाडिनपर्यंत चौदा राज्यांतून जाणारी ही वाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांची आहे. युद्धाहून परतलेल्या अर्ल शॅफरने १९४८ मध्ये ती एका हंगामात सलग चालल्याची नोंद आहे. एमा गेटवूड ह्या नातवंडांच्या आजीबाईने १९५५ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ती एकटीने पार केली. अशा वाटेवर १९९६ मध्ये बिल ब्रायसन हा मध्यमवयीन, शरीराने सुटलेला लेखक आपल्याहून बेढब मित्राला, पुस्तकातील कॅट्झला, घेऊन निघाला. १९९८ च्या ‘अ वॉक इन द वुड्स’मध्ये त्याने जे लिहिले त्याचा सारांश असा: दोघांनी मध्येच वाट सोडली, गाडीने काही भाग गाळला, ब्रायसन पुढे तुकड्यातुकड्यांनी चालला, आणि मेनच्या निबिड अरण्यात अखेर दोघांनीही माघार घेतली. एकूण चाल आठशे सत्तर मैल, म्हणजे वाटेच्या चाळीस टक्क्यांहूनही किंचित कमी. हा हिशेब ब्रायसनने स्वतःच देऊन टाकला आहे.

वाचकांची फाळणी येथे फार उद्बोधक आहे. ज्यांनी स्वतः ती वाट तुडविली आहे, अशांपैकी अनेकांना हे पुस्तक अपुऱ्या व्रताचे उद्यापन वाटते. कॅट्झ पहिल्याच दिवशी पाठीवरील ओझे हलके करण्यासाठी सामान रानात भिरकावून देतो, ही गोष्ट सामान्य वाचकाला हसविते आणि पायवाटेची निगा राखणाऱ्या स्वयंसेवकाला दुखविते. उलट ज्यांनी आयुष्यात पाठीवर पिशवी घेतली नाही, अशा असंख्य वाचकांना ह्याच पुस्तकाने रानाची ओढ लावली. त्यातील चेस्टनट वृक्षांच्या संहाराची हकिगत वाचावी. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात दिसलेल्या बुरशीने पुढील काही दशकांत अब्जावधी झाडे मारली. एरवी अरण्यशास्त्राच्या अहवालात पडून राहिली असती अशी ही हानी विनोदाच्या ओघात सामान्य वाचकाच्या अंतःकरणापर्यंत पोचली. आणखी एक योगायोग असा की, ज्या १९९८ साली हे पुस्तक निघाले त्याच साली अर्ल शॅफर, आपल्या पहिल्या चालीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी ती संपूर्ण वाट पुन्हा चालला. चालण्याचा विक्रम आणि न चालल्याचा विनोद एकाच वर्षी वाचकांपुढे उभे राहिले, आणि दोघांनाही चाहते मिळाले.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, विनोदी प्रवासलेखकाकडून वाचक पराक्रमाचा हिशेब मागत नाही, प्रामाणिकपणाचा मागतो. न्यूबीची गोष्ट याला पुष्टी देते. स्त्रियांच्या पोशाखांच्या व्यापारातील हा गृहस्थ १९५६ मध्ये ह्यू कार्लेस ह्या राजनैतिक अधिकाऱ्यासह अफगाणिस्तानातील मीर समीर शिखर चढण्यास निघाला. त्याचे शिक्षण वेल्समधील काही दिवसांचे. आणि तेही काही अंशी, एका उतारूगृहात वाढपाचे काम करणाऱ्या परंतु कड्यांवर तरबेज असलेल्या तरुणींच्या सल्ल्यावर बेतलेले. शिखर सर झाले नाहीच. १९५८ च्या ‘अ शॉर्ट वॉक इन द हिंदुकुश’मध्ये हे अपयश त्याने जसेच्या तसे मांडले, आणि शेवटचा टोलाही दुसऱ्याच्या हाती दिला. परतीच्या वाटेवर भेटलेला विल्फ्रेड थेसिजर हा खरा कणखर प्रवासी, रात्री हवा भरून गाद्या फुगविणाऱ्या ह्या जोडीला हसतो, आणि ग्रंथ तेथेच संपतो. ज्याने आपल्यावर हसण्याचा हक्क इतरांना मोकळ्या हाताने दिला, त्याच्या मैलांचा हिशेब वाचक बारकाईने तपासत नाही.

शाकुन्तलात ह्याची उलट बाजू दिसते. दुष्यन्त माधव्याला आपल्या प्रेमाची खरी गोष्ट सांगतो, आणि राजधानीस पाठविताना, ती सारी थट्टा होती, असे बजावतो. भोळा विदूषक ते खरे मानतो. म्हणून पुढे शकुन्तलेचा त्याग होतो तेव्हा राजाला आठवण देणारे कोणीच उरत नाही. सत्य थट्टेच्या पदराआड लपविले की अनर्थ होतो. थट्टा मात्र सत्याच्या उजेडात केली तर तिच्यापासून भय नसते.

४

येथवरचे दोन्ही प्रश्न असे बव्हंशी सुटले. तिसरा सुटत नाही, कारण तो रुचीचा किंवा मोजमापाचा नाही, न्यायाचा आहे. प्रवासात लेखक एकटा क्वचितच असतो. कोणी त्याचे ओझे वाहतो, कोणी स्वयंपाक करतो, कोणी वाट दाखवितो. ह्या माणसांजवळ लेखणी नसते. त्यांच्याकडे पाहून लेखक हसला तर उलट हसण्याची सोय त्यांना नसते.

याचा सौम्य नमुना म्हणजे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे ‘ट्रॅव्हल्स विथ अ डाँकी इन द सेव्हेन’ (१८७९). १८७८ च्या शरदात फ्रान्समधील डोंगराळ मुलखात बारा दिवस केलेली ही भटकंती. मॉडेस्टाइन नावाची गाढवी आणि तिच्या पाठीवर सामान बसविता न येणारा लेखक, हा त्यातील विनोद. पण त्या गाढवीला टोचणी लावून हाकल्याची वर्णने आजच्या वाचकापैकी अनेकांना हसू देत नाहीत. स्टीव्हन्सनच्या बाजूने एवढेच म्हणता येते की, तिला विकल्यावर आपण रडलो, हे त्याने दडविले नाही. ती वाट आज त्याच्या नावाची दीर्घ पदयात्रा म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तिच्यावरून गाढव भाड्याने घेऊन चालणारे हौशी लोकही असतात. मुकी सोबतीणच ग्रंथाची नायिका ठरली.

माणसाच्या बाबतीत हिशेब इतका सहज जुळत नाही. मार्क ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये मुंबईस आला. व्याख्यानांनी कर्ज फेडण्यासाठी निघालेल्या जगप्रवासातला हा टप्पा होता. १८९७ च्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’मधील मुंबईच्या प्रकरणांत दोन प्रसंग पुष्कळ जवळजवळ येतात. एका प्रसंगी हॉटेलातील एक धिप्पाड जर्मन माणूस क्षुल्लक चुकीसाठी एका हिंदी नोकराच्या मुस्कटात देतो आणि नोकर ते मुकाट्याने सोसतो. त्या क्षणी ट्वेनचा विनोद थांबतो. त्याला मिसुरीतील आपले बालपण, बापाच्या हातून गुलामांना बसणारे तडाखे, आणि किरकोळ कारणावरून धन्याने ठार मारलेला एक गुलाम आठवतो. एकोणिसाव्या शतकातील प्रवासवाङ्मयात, हसता हसता मध्येच स्वतःच्या समाजाकडे वळून पाहणारे असे पान विरळाच. दुसऱ्या प्रसंगी हाच लेखक आपल्यासाठी ठेवलेल्या चपळ नोकराचे खरे नाव बाजूला सारून त्याला ‘सैतान’ असे नाव बहाल करतो, आणि त्या नावावर पानेच्या पाने हशा पिकवितो. नोकर ते नाव निमूटपणे स्वीकारतो, असे लेखक लिहितो. नोकराला काय वाटले, हे लिहिण्यास दुसरे कोणी नव्हते. मुंबईच्या त्या प्रकरणांवर एका वाचकाने प्रेम करावे आणि दुसऱ्याने संतापावे, यांत नवल नाही; कारण दोघेही बरोबर आहेत. ते निरनिराळी पाने धरून बसले आहेत, इतकेच.

ह्याच कसोटीवर दोन ग्रंथ शेजारी शेजारी ठेवण्यासारखे आहेत. न्यूबी मीर समीरकडे गेला तो पंजशीरच्या खोऱ्यातून. त्याच्या पुस्तकात अब्दुल गियास, शीर मुहम्मद व बदर खान हे तीन तट्टूवाले आहेत. न्यूबी स्वतःला अधिक हसतो आणि त्यांना कमी, हे मान्य केले, तरी त्यांची तिखट उत्तरे, त्यांची रुसवेफुगवे आणि एका जुन्या लष्करी इंग्रजाने रचलेल्या व्याकरणातील चमत्कारिक वाक्ये यांतून उभा राहणारा मुलूख हा पुष्कळसा विनोदाचा देखावा राहतो. ह्या पुस्तकाचे भक्त त्यातील आत्मोपहासाकडे बोट दाखवितात, टीकाकार त्या देखाव्याकडे.

पंजशीरचाच एक माणूस सय्यद मुजतबा अली यांच्या ‘देशे बिदेशे’ ह्या बंगाली ग्रंथात भेटतो. शांतिनिकेतनात शिकलेले मुजतबा अली १९२७ मध्ये अमानुल्लाच्या काबूलमध्ये अध्यापक म्हणून गेले आणि १९२९ च्या यादवीत परतले. तो अनुभव १९४० च्या दशकाच्या अखेरीस बंगाली वाचकांपुढे आला. त्यांचा नोकर अब्दुर रहमान हा राक्षसी देहाचा. एका माणसाच्या जेवणासाठी तो पलटणीला पुरेल एवढे शिजवितो, आणि आपल्या पंजशीरच्या बर्फाचे गोडवे गाताना थकत नाही. विनोदाचे साहित्य तेच आहे: परका मुलूख, अगडबंब नोकर, भाषेची अडचण. पण मुजतबा अलींचा विनोद त्या माणसाला लहान करीत नाही. वाचक त्याच्या राशीभर पुलावाला हसतो, आणि त्या हसण्यातूनच त्याच्यावर लोभ करू लागतो. म्हणून निरोपाच्या प्रसंगी, विमानतळावर तो उभा असतो तेव्हा, त्या हशाचे रूपांतर कशात झाले आहे हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. एक पाहुणा शिखर चढावयास आला होता आणि दुसरा पोटासाठी नोकरीवर आला होता. एक काही आठवडे राहिला, दुसरा दीड-दोन वर्षे. हशाच्या जातीतील फरकाला ह्या वास्तवाचा आधार आहे. ज्याच्यासह उपासमारीचे दिवस काढले, त्याला देखावा करता येत नाही.

५

मराठीत ह्या वादाने उघड भांडणाचे रूप क्वचितच घेतले. पण त्याची चाहूल आहे. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) हे मराठी विनोदी प्रवासवर्णनाचे शिखर मानले जाते. बी.बी.सी.मध्ये प्रशिक्षणासाठी गेलेल्या पार्ल्याच्या मध्यमवर्गीयाची विलायतेतील तारांबळ हा त्याचा विषय. अशा लेखनावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: त्यातून देश किती दिसतो आणि लेखकच किती दिसतो? आक्षेप निराधार नाही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता त्याला दुसरी बाजू आहे. ज्या लंडनने शतकभर हिंदी माणसाकडे पाहून स्मित केले, त्या लंडनात एक मराठी माणूस मनात कडवटपणा न ठेवता, आपल्यालाही आणि त्यांनाही हसतो. हशाची दिशा येथे बदलली. तो वरून खाली वाहिला नाही, समपातळीवर राहिला.

पायी भ्रमणाच्या मराठी ग्रंथांची प्रकृती मात्र मुख्यतः गंभीर आहे. गो. नी. दांडेकरांच्या दुर्गभ्रमणात गड हे दैवत आहे आणि चढण ही पूजा. तेथे माधव्याला प्रवेश नाही, आणि त्या निष्ठेतच त्या लेखनाचे बळ आहे. दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’त (१९६४) आणखी एक वाट दिसते. आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या वारीबरोबर एक सुशिक्षित, शहरी लेखक चालतो. त्याला आपण पूर्णपणे वारकरी नाही याची जाणीव आहे, आणि जे काही हलके स्मित त्या पुस्तकात उमटते ते ह्याच अवघडलेपणातून उमटते. ज्या माणसांत तो चालतो त्यांना तो हसत नाही. त्यांच्या तालात आपले पाऊल पडत नाही, म्हणून स्वतःकडे पाहून किंचित हसतो. ट्वेनच्या मुंबईच्या प्रकरणांत जे दोन स्वर एकमेकांशी झगडतात, त्यांतला एकच येथे आहे, आणि तो अतिशय हळू आहे.

विनोदी प्रवासवर्णनांविषयीचे वाचकांचे मतभेद केवळ चंचल रुचीचे द्योतक नाहीत, हे ह्या सर्वांवरून ध्यानी येईल. तीर्थाची थट्टा वाचकांनी पचविली, कारकुनाची भाषा स्वीकारली, अर्धी राहिलेली वाटही माफ केली. जे माफ झाले नाही ते हे, की लेखकाने आपल्या पाठीवरचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर द्यावे आणि वर त्यालाच हसावे. माधव्य आजही लोकप्रिय आहे, कारण तो हसवितो ते स्वतःचे आखडलेले सांधे दाखवून. राजाच्या रानात पाखरे उठविणाऱ्या, शिकारीचे ओझे वाहणाऱ्या माणसांची कुरकुर कालिदासाने लिहिली नाही. प्रवासवाङ्मयातील ती जागा अजून बहुतांशी रिकामीच आहे. एखाद्या दिवशी ओझे वाहणाराच लिहावयास बसेल, आणि साहेबाच्या फुगविलेल्या गादीविषयी त्याला काय वाटले ते सांगेल. त्या पुस्तकावरही वाचकांत तट पडतील. परंतु तो वाद ऐकण्यासाठी मार्क ट्वेननेदेखील आनंदाने चार मैल पायपीट केली असती.